कोरडा कोण

"मले पाणी पाहिजे," निंबा म्हणाला.

त्याच्या बायकोनं, मालूबाईनं, डाव्या हातानं तांब्या त्याच्याकडे सरकवला.

"हे नाही. डोक्यावरचं."

भाकरी मोडणारे हात थांबले. दापोऱ्याच्या शेतातल्या घराचा ओटा, केळीच्या पानांवर मटण, कळण्याची भाकरी, आणि घरचीच सहा माणसं. निंबाच्या पानावर मात्र दुधी. रविवारची उपासना आटोपून निंबाचा भाऊ आत्माराम, त्याचा मुलगा अनंत आणि नात निशा बुऱ्हाणपुराहून थेट इथे आले होते. उद्या निंबाला जळगावला भरती करायचं, परवा बायपास. सगळे भेटायला म्हणून आले होते. भेटायला हा शब्द सगळ्यांना सोयीचा होता.

अनंतनं घाईघाईनं घास गिळला. तो चर्चचा सेक्रेटरी. काकांना काय म्हणायचंय ते त्याला बरोबर समजलं होतं, म्हणूनच त्यानं न समजल्यासारखं केलं.

"डोक्यावरचं म्हणजे आंघोळ का काका? उद्या सकाळी करून निघू ना."

"बाप्तिस्मा रे. इतक्या मीटिंगा घेतो, शब्द ऐकला असशील."

निशा फसकन हसली आणि आजोबांकडे बघून गप्प झाली. आत्माराम हसत नव्हता. त्यानं नळीचं हाड पानावर ठेवलं, तोंड न लावता.

ही गोष्ट या घरातली पोरं चालायच्या आधी शिकतात. आत्माराम आणि निंबा जुळे. तान्हे होते तेव्हा ओळखायची एकच खूण होती, निंबाच्या मनगटावरचा काळा दोरा. दृष्ट लागू नये म्हणून त्यांच्या आईनं बांधलेला. एकालाच का, तर दोरा एकापुरताच उरला होता. बाप्तिस्म्याच्या दिवशी मिशनच्या म्हाताऱ्या पाद्र्यानं तो दोरा पाहिला आणि भडकला. देवाच्या घरात हे काय सोंग. कात्री मागवली, दोरा कापला, आणि मग समोर दोन सारखी टकली पोरं, सारख्याच आवाजात रडणारी. पाद्र्यानं एकाला घेतलं, शिंपडलं, दिलं. पोरं या मांडीवरून त्या मांडीवर गेली. दुसऱ्याला घेतलं, शिंपडलं, दिलं. घरी येऊन आईनं टोपडी काढली तर एकाचं डोकं ओलं चिंब आणि दुसऱ्याचं ठणठणीत कोरडं.

म्हणजे एकाला दोनदा आणि एकाला शून्य. परत जाऊन पाद्र्याला सांगायची तिची हिंमत झाली नाही. चर्चच्या वहीत दोघंही भिजलेले आहेत. तिनं नवा दोरा आणला, अंदाजानं एकाच्या हातात बांधला, आणि तो निंबा झाला.

तेव्हा कोरडा कोण हे कोणालाच माहीत नाही. खरं सांगायचं तर निंबा कोण हेही नाही.

आयुष्यभर दोघांनी हे एकमेकांवर फेकून मारलं होतं. निंबा मॅट्रिकला नापास झाला तेव्हा आत्माराम म्हणाला, कोरडाच राहिलास. आत्माराम आपल्या कागद मिलच्या गेटसमोर नव्या लुनावरून पडला तेव्हा निंबा म्हणाला, दोनदा भिजलेला आहे, घसरणारच. लग्नात, बारशात, मयतीच्या जेवणात सुद्धा हा विनोद चालला. आज तो विनोद निंबानं उचलून पानात वाढला होता, आणि कोणाला खाता येत नव्हता.

"काका, ऐका," अनंत म्हणाला. "क्रुसावर येशूच्या बाजूला चोर होता ना. त्याच्या डोक्यावर कोणी पाणी टाकलं? तरी गेला ना स्वर्गात. कृपा म्हणतात त्याला. पाण्यावाचून काही अडत नाही."

"त्या चोराले येशूनं सोता तोंडानं सांगितलं होतं, आजच नेतो म्हणून. मले कोण सांगणार? तू?"

"आणि त्या चोराची बायपास नव्हती," मालूबाई म्हणाली.

अनंतनं बापाकडे बघितलं. आत्माराम चर्चचा सगळ्यात जुना पंच. तीस वर्षं प्रभुभोजनाचा पेला त्याच्या हातात. काकांनी आता बाप्तिस्मा घेतला म्हणजे सेक्रेटरीच्याच घरानं मान्य केलं की जुळ्यांतला एक कोरडा. मग पुढच्या रविवारी दुसऱ्या बाकावरून कोणीतरी विचारणारच, तो एक कोणता? आणि इतकी वर्षं आम्ही ज्याच्या हातून पेला घेतला तो कोण? अनंतला त्या बाकावरच्या माणसाचा चेहरा सुद्धा दिसला. त्या माणसाला सेक्रेटरी व्हायचं होतं.

"शिवाय जमाना कसा आहे," तो म्हणाला. "उघड्यावर कोणी मोबाईलमध्ये काढलं की झालं. बाप्तिस्मा म्हटलं की लोकांना धर्मांतरच दिसतं. जन्माचा ख्रिस्ती आहे, फक्त पाण्याचा हिशोब चुकला, हे पोलीस ठाण्यात कोणाला समजावणार?"

"मग घरात घेऊ. मोरीत."

श्रीकांत इतका वेळ वाट बघत होता. निंबाचा मुलगा, केळीची शेती तोच बघतो. गेल्या वर्षी त्यानं जुनं चर्च सोडलं आणि बुऱ्हाणपुरातल्या नव्या मंडळीत गेला. ती मंडळी शिंपडत नाही, बुडवते. घरात त्यांना डुबकीवाले म्हणतात. आपल्या बापाच्या तोंडातून बाप्तिस्मा हा शब्द कधी निघतो याची श्रीकांतनं प्रार्थना केली होती. प्रार्थना ऐकली गेली, पण मटणाच्या वेळी.

"आबा, मी केव्हापासून सांगून राहिलो. शिंतोडे कितीदा पण मारा, शून्य गुणिले दोन शून्यच. तान्ह्या पोराला काय विश्वास असतो? त्याला दूध आणि शी एवढंच कळतं. तुम्ही पण कोरडे, मोठेबाबा पण कोरडे, हा अनंत पण कोरडा. सगळं चर्च कोरडं."

"आणि तू?"

"मी तापीत घेतलाय. पूर्ण आत."

"तापीत तर आधा बुऱ्हाणपूर नहाता है काका," निशा म्हणाली. "सगळेच ख्रिस्ती झाले मग."

"तू चूप बस. नर्सिंगची दोन वर्षं झाली तर पाद्रीण नाही झाली."

"नर्सिंगवाली म्हणूनच सांगते. निंबा आजोबांना उद्या भरती करायचंय. आज टाकीत बुडवलं, सर्दी झाली, छातीत कफ आला, तर ऑपरेशन कॅन्सल. डॉक्टर काय विचारणार? कुठे भिजलात बाबा? सांगा मग, येशूत."

श्रीकांतला राग आला, आणि त्याच वेळी पोरीचं म्हणणं खरं आहे हेही समजलं. हे त्याला फार वेळा होतं, म्हणून तो जास्त मोठ्यानं बोलतो.

"फोन लावा तुमच्या पाळकाला," तो अनंतला म्हणाला. "विचारा त्यालाच."

ओट्याच्या एका कोपऱ्यातच रेंज येते. अनंतनं तिथे उभं राहून फोन स्पीकरवर टाकला. पाळकसाहेब तरुण होते, नुकतेच शिकून आलेले, आणि रविवारी दुपारी झोपेत होते. सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, पुन्हा बाप्तिस्मा देता येणार नाही. बाप्तिस्मा एकच. दुसरा दिला तर पहिल्याचा अपमान.

"आणि पहिला झालाच नसेल तर?" निंबानं विचारलं.

"मग द्यायलाच पाहिजे."

"झाला का नाही हेच तर माहीत नाही ना बाप्पा."

फोनमधून जांभई दाबल्याचा आवाज आला. "अशा वेळेसाठी एक जुना रिवाज आहे. पाळक म्हणतो, जर तुझा बाप्तिस्मा झालेला नसेल, तर मी तुला बाप्तिस्मा देतो."

निंबानं तोंड वाकडं केलं. "जर आणि तर? देवाच्या दारातही नियम व अटी लागू?"

"त्यासाठी कमिटीची बैठक घ्यावी लागेल. पुढच्या आठवड्यात..."

"पुढच्या आठवड्यात मी इथं असेन का तिथं, हाच तर सवाल आहे," निंबा म्हणाला, आणि रेंज गेली. कोणी परत लावला नाही.

मग निंबा बोलला. हळू बोलला, दुधीकडे बघत.

"मी काही तुमच्यासारखा वाचलेला नाही. डॉक्टरनं मले समजावून सांगितलं. बेहोश करणार, छाती उघडणार, आणि दिल बंद करून मशीनवर ठेवणार. घंटा, दोन घंटे. मी त्याले विचारलं, तवा मी कुठं राहीन? तो हसला. पण मी मजाक नव्हतो करत. तेवढ्या वेळात वर कोणी मले विचारलं, भाऊ, तुझं झालं होतं का, तर मी काय सांगू? पन्नास टक्के?"

श्रीकांतनं मान खाली घातली. अनंतसुद्धा पेला विसरला, थोडा वेळ.

"दे ना रे कोणीतरी," निंबा म्हणाला. "शिंपडा, बुडवा, मले काही फरक नाही पडत."

"नाही," आत्माराम म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. त्याचा तो पहिलाच शब्द होता.

"काही गरज नाही. तुझं झालेलं आहे. कोरडा मी आहे."

आयुष्यात पहिल्यांदा तो हे म्हणाला होता. निंबा त्याच्याकडे बघत राहिला, मग म्हणाला, "खोटं बोलतो तू. मेल्या, पंच आहेस." आत्माराम उठला, हात धुतले आणि केळीत निघून गेला.

चुलीपाशी मालूबाई भांडी गोळा करत होती. या घरात ती एकटीच अशी, जिच्या डोक्यावर कोणीच कधी पाणी टाकलं नाही. ती दापोऱ्याच्याच शेतकरी घरातली, निंबाशी लग्न करून ख्रिश्चन घरात आली, पण तिचा गणपती तिनं सोडला नाही आणि निंबानंही सोडायला सांगितलं नाही. दर नाताळाला केक खाते, दर चतुर्थीला उपास धरते. बाकीचे वाद घालतात तेव्हा तिला वाटतं, पाण्यावरून इतकं भांडण तर बांधावर सुद्धा होत नाही.

"आजी, तुला डर नाही वाटत?" निशानं विचारलं.

"वाटते ना. पण मी पाणी घेऊन काय करू? मी दोरा आणला."

तिनं कमरेच्या पिशवीतून काळा दोरा काढला. निशाला हसू आलं.

"आजी, त्याच दोऱ्यानं तर सगळी गडबड केली."

"दोऱ्यानं नाही केली. कात्रीनं केली. तो दोरा राहू दिला असता तर आज हा तमाशा राहिला असता का? पाद्र्याले देवावर भरोसा नव्हता, म्हणून दोऱ्याले घाबरला." तिनं दोरा दोन बोटांत ताणून बघितला. "तुझ्या आजोबाले काय झालं माहीत आहे?"

"रुसलेत."

"रुसले नाहीत. भाऊजींले वाटते, की याले पाणी मिळालं की हा मोकळा होईल. मग जाईल. पाहुणा जेवला, हात धुतले, पान खाल्लं, की उठतो ना, तसा." मालूबाईनं पदरानं नाक पुसलं. "तेच मले पण वाटते. पण माझं कसं आहे, मी अडवून धरू शकत नाही. मागतो ते देते. मटण सोडून."

मग ती निंबाकडे गेली, त्याचा हात ओढला आणि दोरा बांधला. निंबानं बांधू दिला.

"जाय," ती म्हणाली. "भाऊजी पाण्याच्या मोटारीच्या खोलीकडे बसले असतील. मायच्या पोटात असताना तुम्ही दोघांनी कोणाले विचारून काही केलं नव्हतं. आता काय अनंतले विचारता?"

आत्माराम केळीच्या दोन ओळींच्या मधे, पालथ्या प्लॅस्टिकच्या कॅरेटवर बसला होता. मिलमध्ये असताना तो कागदाच्या मशीनवर होता, इतका आवाज की माणसाला स्वतःचं ऐकू येत नसे. तिथे त्याला कधीच काही विचार करावा लागला नाही. इथे फारच शांत होतं.

निंबा आला, धापा टाकत. दुसरं कॅरेट ओढून बसला.

"तू कोरडा आहेस असं म्हणालास."

"मग? असेन. कोणाला माहीत."

"तीस वर्षं पेला वाटलास कोरड्या हातानं?"

"हेच तर," आत्माराम म्हणाला. भावाशी बोलताना त्याची चर्चची भाषा आपोआप गळून पडायची. "दर वेळेस मले वाटायचं, आज कोणी उठून विचारील. कोणी नाही विचारलं. तू विचारलंस, ते पण मटणाच्या वेळी."

"मी माझ्याबद्दल विचारलं बे."

"एकच आहे ते. तू भिजलेला निघाला की मी कोरडा. तू कोरडा निघाला की..." तो थांबला. "तू आज पाणी घेशील, मग म्हणशील आता कधी पण नेलं तरी चालेल. मले नाही चालणार."

निंबा हसला नाही, हे विशेष. त्यानं फक्त भावाच्या गुडघ्यावर थाप मारली.

"मी मरायला नाही मागून राहिलो रे. मले निवांत झोपायचं आहे. नाहीतर तिथं मशीनवर पण मी हाच विचार करत पडीन. तू दे ना. पंच आहेस. अडचणीच्या वेळी कोणीही देऊ शकतो, तूच सांगायचास ना पोरांना."

"मीच कोरडा असलो तर? जे माझ्याजवळच नाही ते तुले कसं देऊ?"

"मालूनं जन्मभर उधारीच्या साखरेचा चहा पाजला लोकांले. गोडच लागला ना सगळ्यांले." निंबानं आजूबाजूला बघितलं. "पाणी कुठं आहे पण इथं? तांब्या आणायले गेलो तर ते दोघं परत शास्त्र काढतील."

तेवढ्यात लाईट आली. खोलीत पाण्याची मोटार घुरघुरली, जमिनीवरच्या काळ्या नळ्यांमधून हवा सुटली आणि प्रत्येक केळीच्या बुडाशी टप टप सुरू झालं.

दोघांनी एकदमच ठिबककडे बघितलं.

"नाही," आत्माराम म्हणाला.

"केळीले पुरते. मले नाही पुरणार? ना तुझे शिंतोडे, ना श्रीकांतची डुबकी. भांडणच मिटलं."

आत्मारामनं थोडा वेळ देवाची वाट बघितली. देव काही बोलला नाही. मग त्यानं वाकून नळी उचलली, मोठ्या कष्टानं, कंबरेतून कळ आली, आणि हार घालावा तशी निंबाच्या डोक्यावर धरली. एक थेंब त्याच्या कानावर पडला.

"नेम धर ना बे."

"हलू नको. नाव कोणतं घेऊ? बघ, आईनं दोरा अंदाजानं बांधला होता. कदाचित तू आत्माराम असशील."

निंबानं विचार केला. "ज्या नावानं हाक मारली की मी वळून पाहतो, ते घे."

"निंबा," आत्माराम म्हणाला, आणि नळी सावरली. खाकरून त्यानं परत सुरुवात केली. "निंबा, मी तुला बाप्तिस्मा देतो. पित्याच्या..."

थेंब येईना. उंच धरल्यामुळे नळीतलं पाणी मागे जात होतं. त्यानं नळी थोडी खाली केली. दोघं वाट बघत बसले. मग टप.

"पुत्राच्या..."

टप.

"आणि पवित्र आत्म्याच्या..."

हा थेंब सगळ्यात उशिरा आला. येईपर्यंत दोघांनी श्वास धरला होता. मग तो निंबाच्या टकलावर पडला, भुवईवरून घरंगळला आणि नाकाच्या शेंड्यावर लटकला.

"झालं?"

"झालं."

निंबानं डोळे मिटूनच नळीसाठी हात पुढे केला. "आता तू बस."

"मले कशाले?"

"कोणतरी एक कोरडा आहे ना. मी एकट्यानंच भिजून काय उपयोग? उद्या वर गेल्यावर मले विचारलं, तुझा भाऊ कुठं आहे, तर?"

आत्माराम बसला. निंबाला दम लागत होता, पण नळी त्यानं कोणाला धरू दिली नसती. तिसऱ्या थेंबाला आत्मारामच्या तोंडाची चव बदलली. त्यानं जीभ ओठांवरून फिरवली. खारट होतं. त्याला वाटलं आपण रडतोय.

त्याच वेळी बांधावरून श्रीकांत धावत आला, मागून अनंत, पँट वर धरून.

"आबा, हे काय चाललंय?"

"बाप्तिस्मा," निंबा म्हणाला. "दोघांचा पण. उशीर केला तुम्ही."

"ठिबकनं?" श्रीकांतचा चेहरा पडला. मग वेगळ्याच कारणानं पांढरा झाला. "नळी खाली टाका. आज लाईनीत खत सोडलंय. पोटॅश आहे त्यात."

"तेच म्हणतो मी, खारट काहून लागलं," आत्माराम म्हणाला.

"डोळ्यात गेलं का? निशा, अगं निशा, पाणी आण."

अनंत मात्र हिशोबात अडकला होता. सेक्रेटरीपणा एकदा चढला की उतरत नाही. "पाणी शुद्ध पाहिजे," तो म्हणाला. "खत टाकलेलं पाणी, मतलब, ते पाणी धरायचं का? परत द्यावा लागेल."

"पहिल्यांदा मी याच्याशी सहमत आहे," श्रीकांत म्हणाला. "परत द्यावा लागेल. पूर्ण आत."

"बाप्तिस्मा एकच," निंबा म्हणाला. "पाळकसाहेबानं स्पीकरवर सांगितलं. आता कोणी माझ्या डोक्याले हात लावला तर अपमान होईल."

निशा आली ती हात हलवत, पण तिच्या मागून मालूबाई बादली घेऊन आली, साबणाची वडी पदरात धरून. कोणाला काही विचारलं नाही. अर्धी बादली निंबाच्या डोक्यावर, अर्धी आत्मारामच्या. साबण लावला, चोळला, मोटारीच्या नळावरून परत भरून आणली आणि दोघांना परत धुतलं, गुरं धुतात तसं, कानामागून, मानेवरून. दोघं म्हातारे डोळे घट्ट मिटून बसले होते. लांबून कोण कोणता हे सांगता आलं नसतं.

अनंत बघत होता. "काकू, हा पण धरायचा का?" तो म्हणाला. हे त्यानं खरंच विचारलं होतं.

"मी कोणाचं नाव घेतलं नाही बाबा," मालूबाई म्हणाली. "साबण घेतला."

निशा बांधावर बसून पोट धरून हसायला लागली. मग श्रीकांत हसला. मग अनंत, सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात जास्त. खोकल्यासारखं हसता हसता त्याला जाणवलं की आता पेल्याचा प्रश्न कोणी विचारला तर त्याच्याकडे उत्तर आहे, आणि ते उत्तर कोणत्याच कमिटीला सांगण्यासारखं नाही.

मालूबाईनं पदरानं दिराचं डोकं पुसलं. मग उरलेला दोरा काढून त्याच्यापुढे धरला. आत्मारामनं जन्मभर असल्या दोऱ्याविरुद्ध बोलून घेतलं होतं, एकदा तर चर्चमध्ये, पंचांच्या बाकावरून.

"बांध," तो म्हणाला. "लवकर बांध. अनंत बघून राहिला."

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी जळगावच्या दवाखान्यात दोघं एकाच पलंगावर बसले होते, पाय खाली सोडून. निंबाला अजून हिरवा गाऊन दिला नव्हता. दोघांच्या अंगावर पांढरे सदरे, दोघांची टकलं सारखीच चकाकत होती. पोटॅशनं केस येतील अशी निंबाला आशा होती, तसं त्यानं कालपासून प्रत्येक वॉर्डबॉयला सांगितलं होतं. रात्री तो घोरला. मालूबाई म्हणाली, बायपासच्या आदल्या रात्री घोरणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. आत्माराम झोपला नव्हता.

खाली श्रीकांत आणि अनंत एकाच बाकावर बसून एकच पेपर अर्धा अर्धा वाचत होते. सकाळी दोघांनी प्रार्थना केली होती, एकानं लांब आणि एकानं छोटी. लांब कोणाची, यावर जिन्यापर्यंत वाद झाला.

नर्सबाई आल्या. एका हातात नाव लिहिलेला प्लॅस्टिकचा पट्टा, दुसऱ्या हातात कात्री. त्यांनी आधी एकाकडे बघितलं, मग दुसऱ्याकडे, मग दोन मनगटांवरच्या दोन काळ्या दोऱ्यांकडे.

"दोरा काढावा लागेल बाबा, आत नाही चालत," त्या म्हणाल्या. "तुमच्यात निंबा कोण?"

आत्मारामनं हात पुढे केला.

खिडकीपाशी उभ्या असलेल्या निशाचं तोंड उघडं राहिलं. निंबानं भावाच्या त्या हाताकडे बघितलं. हात पक्का पुढे होता. मग त्यानं त्याच्या शेजारीच आपला हात ठेवला, मनगटाला मनगट लावून.

"बाई," निंबा म्हणाला, "कापायच्या आधी नीट पाहून घ्या. एकदा कापला होता, तर कोण कोणता हे आमच्या आईलेही सांगता आलं नव्हतं."

नर्सबाईंनी कात्री खाली केली. आत्मारामनं हात मागे घेतला नाही.